पाकिटातून आलेला हिरवा

अमरावती, फाल्गुन वद्य ४, शके १८३७

चि. किसन यास,

आशीर्वाद. मोठ्या भावाने लहान भावाला हा शब्द लिहायचाच असतो म्हणून लिहिला आहे. त्याचा जास्त अर्थ काढू नकोस.

तुझ्या मुलीचं लग्न ठरलं. सत्यवती तुला आठवत असेल. तू अकोल्याला निघालास तेव्हा ती आपल्या लुगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती आणि तू तिला 'आलोच' म्हणालास. त्या 'आलोच'ला आता तीन वर्षं होत आली. तुझी माणिकबाई जिवंत असती तर तिने तुला अकोल्याहून ओढत आणलं असतं; पण ती गेली आणि पोरीला वाढवलं माझ्या दुर्गाने. दुर्गा कुणाला ओढायला जात नाही. ती नुसती भांडी जोरात ठेवते.

स्थळ चांदूरबाजारचं. नत्थुजी नावाचा आपल्यातलाच माळी आहे. स्वतःची विहीर, स्वतःचा मळा, भाजीची गाडी अमरावतीला येते. मुलाचं नाव भगवंत. देखणा नाही, पण दुधीच्या वेलांना पाणी देताना मी त्याला पाहिलं. वेलाशी बोलताना आवाज चढवत नव्हता. बायकोशीही चढवणार नाही असा माझा अंदाज. लग्न वैशाख शुद्ध दशमीला, आपल्याच घरी.

आता मुद्द्याचं. तुला सांगायला नको, पण शहरात राहून माणूस जेवायचंही विसरतो म्हणून सांगतो. आपल्या घरात नवरीच्या हिरव्या लुगड्याचा रंग बाप सांगतो, आणि तो तोंडाने सांगत नाही. पान खुडतो, रंगारणीच्या हातावर ठेवतो, 'या रंगाचं' म्हणतो आणि आपल्या कामाला जातो. ज्या पोरीला बाप उरला नाही ती पिवळ्यावरच बोहल्यावर चढते. मग मांडवातल्या बायकांना कुणाला काही विचारावं लागत नाही.

दुर्गाचं म्हणणं पडलं की बापाच्या जागी मोठा चुलता आहे, मीच पान खुडावं. मला त्यात अडचण नव्हती. मी तर मनात कोथिंबीर ठरवूनही टाकली होती. सत्यवतीने सगळं ऐकून घेतलं, विळी धुतली आणि म्हणाली,

"माहा बाप जिता हाय नं, मोठेबाबा? मंग त्यालेच इचारा. त्यानं नाई देल्लं तं मी पिवळ्यावरच जाईन. लोकाईले जे समजायचं ते समजू द्या."

तेव्हा विचारतो आहे. तू जिता आहेस की नाहीस, एवढंच कळव.

आपला वादही हिरव्यावरूनच झाला, हा योग बघ. तुझं म्हणणं, नांदगावच्या बाईने औंदा जो हिरवा नेला तोच तिला पुढच्या सालीही मिळाला पाहिजे, आणि तसा तो जर्मन पुडीतच मिळतो. माझं म्हणणं, आंब्याला गेल्या वर्षीचा हिरवा आठवत नाही, तरी त्याचं अडत नाही. गिऱ्हाइकं माल पाहायचं सोडून आपल्याला पाहत होती. तू पुडीच्या रंगाची एजन्सी घेऊन अकोल्याला गेलास. आता जर्मनांशी लढाई जुंपली आहे आणि पुडी म्हणे मुंबईतही दिसत नाही. यावर मला काही म्हणायचं नाही. काही न म्हणण्याचा मला किती त्रास होतो ते तुला ठाऊक आहेच.

एक पान पाठव.

शेषराव

अमरावती, चैत्र शुद्ध २, शके १८३८

चि. किसन यास,

पान पोचलं. पाकिटात शब्द एक नाही, नुसतं पान, तेही विड्याचं. अकोल्याच्या कोणत्या पानवाल्याकडून घेतलंस कळलं नाही, पण चुना-कात न लावता पाठवलंस हे उपकार. सत्यवतीने पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून पाहिलं, आणि पान तेवढं घेऊन आत गेली.  त्या दिवशी तिने दोन भाकरी जास्त थापल्या.

पान आम्ही जयवंताला नेऊन दिलं. जयवंता रंगारीण तुझ्या वेळी होती तशीच आहे. कोपरापर्यंत निळी आणि कोपराच्या वर गर्विष्ठ. पुड्या बंद झाल्यापासून तर ती रस्त्याने कलेक्टरासारखी चालते. निळीचा माठ आणि डाळिंबाची साल, एवढ्यावर सगळं गाव आता तिच्या दारात उभं आहे. 'पुडीवाल्याचं पान आलं का माह्याकडे?' एवढंच म्हणाली आणि पान कानाजवळ नेऊन ऐकल्यासारखं केलं. तो तिचा आव आहे. रंग कानाने ऐकू येत नाही.

आता घोटाळा ऐक. पान तू खुडलंस किंवा विकत घेतलंस तेव्हा ते हिरवं असणार. पाकिटात पडलं, टपालाच्या थैलीत चेंगरलं, चैत्राच्या उन्हात बडनेऱ्याला पडून राहिलं, आणि आमच्या हाती आलं तेव्हा पिवळसर, शिरांजवळ तांबूस, जुन्या पितळेच्या अंगाचं झालं होतं. हे आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. यायचं कसं? माळ्याच्या घरी पान म्हणजे आत्ता खुडलेलं पान. शिळं पान आपण गाईपुढे टाकतो, रंगारणीपुढे नाही. आईने रोजच्या लुगड्यांसाठी जन्मभर या जयवंताच्या सासूला पानं नेऊन दिली, ती मळ्यातून उठून थेट. टपालाने आलेलं पान आपल्या खानदानात हे पहिलंच. जयवंतानेही ते जसं दिसलं तसं इमानाने सुतात उतरवलं.

माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी तिला थांबवायला धावलो. दारात पोचलो आणि मीच थांबलो. ती निळीच्या माठातून सूत वर काढत होती. किसन, तू रंग विकलास, मी वीस वर्षं रंगीत लुगडी विकतो आहे. आपण दोघांनी हे कधी पाहिलं का? माठातून सूत निघतं ते निळं नसतं. हिरवं असतं. कोवळं, ओलं, पोपटाच्या पोटाखालचं. आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं, वरून खाली, कुणी आत दिवा मालवावा तसं. तो पहिला हिरवा धरून ठेवता येत नाही. जयवंतालाही नाही, मी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मग त्या निळ्यावर डाळिंबाच्या सालीचं पाणी चढलं आणि दुसराच एक हिरवा आला. तुझ्या पाकिटातला. मी तोंड उघडून उभा होतो, आणि तोंडातून काही निघत नव्हतं. दुर्गाला सांगितलं तर तिला पटलं नाही.

सूत वाळलं. दुर्गा बघून म्हणाली, हे लुगडं आहे की कावीळ. मलाही तेच वाटलं होतं, पण ती आधी बोलली.

मी सत्यवतीला समजावलं की पान वाटेत सुकलं, तुझ्या बापाच्या मनात हा रंग नव्हता. तिचं उत्तर असं की बापाच्या मनातलं टपालाने येत नाही, पान येतं. आलं ते आलं. हे सूत टाकायचं नाही. मात्र दुसरं एक पान मागवा, त्याची हरकत नाही.

तेव्हा मागवतो. या खेपेला निदान ओल्या फडक्यात गुंडाळ.

तुझ्या दुकानाची पाटी अजून आहे असं एक जण सांगत होता. पाटी राहिली हे चांगलं. लाकूड बरं असावं.

शेषराव

अमरावती, चैत्र शुद्ध १२

चि. किसन यास,

फडकं ओलं होतं, वाटेत वाळलं. तरी प्रयत्न पाहून दुर्गाने त्या दिवशी एकही भांडं आपटलं नाही.

या वेळी कडुनिंबाची कोवळी डहाळी. पोचेपर्यंत काळवंडली होती, आडातल्या पाण्यासारखी. कडुनिंब कुठला ते मी ओळखलं, आणि ओळखलं असं लिहायचं नव्हतं, पण लिहून बसलो. अकोल्याच्या स्टेशनामागच्या कापसाच्या जिनात काट्याच्या खोलीपुढे एक मोठा कडुनिंब आहे. तिथे कापूस मोजायला बसतोस ना? मोर्शीचा एक व्यापारी सांगून गेला. मला हे होळीआधीच माहीत होतं. पहिलं पत्र लिहिताना मी तुला पुडीवरून टोचलं ते माहीत असूनच. जीभ धार लावून ठेवलेली असली की कुठेतरी लागतेच. कापूस तोलणं हे रंग विकण्यापेक्षा वाईट काम नाही. कापूस निदान युद्धाला भीत नाही.

हेही सूत जयवंताने रंगवलं. तेव्हा सत्यवतीच्या वाट्याला आता दोन हिरवे आहेत. एक सुकल्या विड्याचा, पितळी. दुसरा काळवंडल्या कडुनिंबाचा, खोल. दोन्ही लडी मी ओसरीत शेजारी टांगल्या. एकमेकांकडे पाहायला तयार नाहीत. दुकानात आलेल्या बायका त्यांच्याकडे पाहून माझ्याकडे पाहतात, की शेषराव म्हातारे झाले, रंग दिसेनासा झाला. या गावात हिरव्याजवळ दुसरा हिरवा ठेवणं म्हणजे एका मांडवात दोन मानकरी बसवणं. चोळी, काठ, अंग, सगळं एका हिरव्याचं पाहिजे. नाही जुळलं तर उरलेल्या तुकड्यांचं शिवलं म्हणतात. मी स्वतः हेच सांगून वीस वर्षं लुगडी खपवली.

परवा सकाळी सत्यवती दोन्ही लडी काखेत मारून कोष्ट्याकडे निघाली. मी मागे. तिने त्याला सांगितलं, हे उभं घाला, हे आडवं घाला. कोष्टी माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, पोरी, याने खिचडी होईल; लग्नात लोक जेवायला येतात, ती पानात वाढतात, नवरीला नेसवत नाहीत. विनोद बरा होता. कोष्टी हसला.

ती हसली नाही. म्हणाली, "मेथीपाशी मेथी ठेवली तं गिऱ्हाईक फुडं जाते. मेथीपाशी कांद्याची पात ठेवली तं दोन्ही दिसते. आजी हेच करे. तुमीच सांगता नं, मोठेबाबा, का आजीची टोपली सगळ्याइच्या आंधी खपे म्हनून?"

हो, सांगतो. पण ती भाजी होती. आईने ज्या बुद्धीने टोपली लावली ती बुद्धी लुगड्याला लावायची असते हे मला, दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या, सुचलं नाही.

कोष्ट्याने उभं सूत लावायला घेतलं आहे. काठाला काय घालायचं हा प्रश्न बाकी आहे. सत्यवती म्हणते, तिसरं पान येईल. एवढ्या खात्रीने म्हणते की मी तारखेची आठवण करून दिली नाही.

शेषराव

अमरावती, चैत्र वद्य ७

किसन,

पुडी पोचली.

मी पाकीट हातात घेतलं तेव्हा वाटलं, या वेळी काय, चिंचेचा पाला? आत जाड कागद, त्यात आणखी एक कागद, त्यावर तेच मोराचं चित्र, कडा न दुमडलेल्या. सीलबंद. दुकानात दोन बायका होत्या. त्यांना मी सांगितलं, उद्या या. वीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला उद्या या म्हणालो नाही.

लढाई सुरू होऊन दोन वर्षं होत आली. एका पुडीसाठी लोक काय काय द्यायला तयार होते, तुला जास्त ठाऊक. तू एजन्सी बंद केलीस, गाळा सोडलास, कापूस मोजायला बसलास, आणि ही एक कुठे ठेवली होतीस? उशाखाली? विकली नाहीस. कोणासाठी ठेवली होतीस ते मी विचारत नाही. सत्यवतीनेही विचारलं नाही. ती पुडी घेऊन अंगणात गेली आणि खूप वेळ पाठमोरी उभी राहिली. दुर्गाने मला तिकडे जाऊ दिलं नाही.

जयवंताकडे नेली तर ती म्हणाली, माझ्या माठात हे पाप पडणार नाही. मग वेगळं पातेलं चुलीवर ठेवलं. मग म्हणाली, बघू तरी. एका पुडीत काठापुरतंच सूत निघालं. ते बाहेर काढलं तेव्हा जयवंता ते स्वतःच्या हाताने उन्हात धरून उभी राहिली, आणि ही बाई पुडीच्या रंगाला हात लावत नाही. म्हणून सांगतो.

तुला एक कबूल करतो. दुसऱ्या कुणाला सांगितलंस तर नाकारीन. तुझा हिरवा चांगला आहे. कुठल्याही पानाचा नाही. सुकणार नाही, काळवंडणार नाही, पाऊस पाहिला नाही की ऊन पाहिलं नाही. मी त्याला मेलेला म्हणायचो. शेजारी ते दोन्ही हिरवे लटकत होते, प्रत्येक घटकेला वेगळे दिसणारे, आणि त्यांच्यामध्ये हा. जसा सकाळी तसा संध्याकाळी. त्याच्या शेजारी पितळी हिरव्याला ऊन चढलं आणि काळ्या हिरव्याला पाणी सुटलं. मी लडींची जागा बदलून पाहिली. परत बदलून पाहिली. दुर्गा म्हणाली, जेवता का आता?

पान नाही आलं, पुडी आली, तरी बापाचाच रंग म्हणायचा का, असा शंकेखोर प्रश्न मी काढला. सत्यवती म्हणाली, बापाजवळ होतं ते बापानं दिलं. विषय संपला.

दशमीला ये. जिनातून एका दिवसाची सुट्टी मिळते. नाही मिळाली तर काट्यावर दुसरा माणूस बसेल, कापसाला फरक कळणार नाही.

शेषराव

अमरावती, वैशाख शुद्ध ५

किसन,

लुगडं मागावरून उतरलं. लिहायला बसलो खरा, पण लिहिता येईल की नाही सांगत नाही.

कोष्ट्याच्या घरात अंधार असतो, तुला माहीत आहे. तिथे मला ते काळं वाटलं. मनात म्हटलं, झालं, मोठेबाबांचं ऐकायचं नाही म्हणजे असं होतं. मग कोष्ट्याने एक टोक धरलं, सत्यवतीने दुसरं, आणि दोघं दारातून अंगणात उतरले.

उन्हात पहिलं पाऊल पडलं आणि त्याच्यात काहीतरी हललं. मी शपथेवर सांगतो, वारा नव्हता. अंधारातून पुढे येईल तसतसं त्या काळ्याच्या पोटातून पितळी वर येत होतं, आणि सत्यवतीने हात थोडा खाली केला की ते बुडून खोल होत होतं. विहिरीच्या कडेच्या उंबराखाली दुपारी आडवं पडून वर पाहावं तसं. वरचं पान उन्हातलं, खालचं सावलीतलं, मधून दोन्हीचं काहीतरी, आणि कोणतं कोणतं आहे हे नक्की करावं तोवर बदललेलं. दोन सुतं. त्यांतला एकही रंग धड नव्हता. एक सुकलेल्या पानाचा, एक कुजायला लागलेल्या पानाचा. आणि एकात एक गेल्यावर जिवंत! कडेने तुझा काठ, तसूभरही न हलणारा, बांध धरून उभा. तो नसता तर सगळं वाहून गेलं असतं.

मला या वयात आणि या धंद्यात कापड बघून गहिवर येणं शोभत नाही. मी विनोद शोधत होतो. सापडला नाही. कोष्टी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहत होता. शेजारच्या बाईने भिंतीवरून डोकावून हात जोडले. तिला कुणी सांगितलं नव्हतं की हे लुगडं आहे की देव.

रीतीप्रमाणे मी खिशातून दुकानाचा शिक्का काढला, पदराच्या टोकाला पानाचा छाप मारायला. सत्यवतीने माझा हात धरला. याला कुणाचा छाप नको म्हणाली. मग तू पाठवलेल्या पुडीवरचं मोराचं तिकीट तरी चिकटव, म्हटलं. तेही नको. तर नवरीचं लुगडं बिनछापाचं आहे. आपल्या दुकानातून असा माल पहिल्यांदाच बाहेर जातो आहे.

तू हे बघायला हवंस. भांडण पुढे चालू ठेवू. मला ते बंद करायची घाई नाही. पण बघून जा.

शेषराव

अमरावती, वैशाख वद्य १

किसन,

तू आला नाहीस.

मंगलाष्टकांच्या वेळी सत्यवती अंतरपाटाकडे पाहत नव्हती, दाराकडे पाहत होती. अंतरपाट दूर झाला तेव्हा भगवंताच्या लक्षात आलं. तो बाजूला सरकला, तिला दार नीट दिसावं म्हणून. मुलगा चांगला आहे.

लुगड्याविषयी एवढंच सांगतो की बायका जेवून उठल्या तरी तिच्याभोवतीच. दुसऱ्या दिवसापासून दुकानात एकच मागणं, तो नवरीचा हिरवा द्या, आणि त्याचं नाव काय. मी सांगतो, नाव नाही आणि पुन्हा होणार नाही. जे दरवर्षी तोच हिरवा मागायचे तेच आता रुसून जातात. यात तुझा जय की माझा ते मला ठरवता आलेलं नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. काल पाचव्या दिवशी मी मांडवपरतणीला, सत्यवतीला माहेरी आणायला चांदूरबाजारला गेलो. तिकडे रीत आहे की नव्या सुनेने पाच दिवस दिवसभर तेच हिरवं लुगडं नेसायचं आणि मळ्यातली भाजी स्वतः खुडायची. नत्थुजी म्हणाले, "बसा इवाई, चहा घ्या, सूनबाई मळ्यात हाय, हे काय समोरच."

मी चहा न घेता विहिरीपाशी गेलो. मोट चालू होती. पाटाच्या कडेला अळू, त्यामागे दोडक्याचे मांडव, त्यामागे केळी. मी समोर पाहिलं. मळा रिकामा. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. नत्थुजींचा समज असेल म्हटलं, घरात गेली असेल. परत वळलो. खरंच वळलो, किसन, दोन पावलं टाकली.

मागून आवाज आला, "मोठेबाबा, कुठी चालले? मी तं इथंच हाओ."

ती समोरच होती. अळूत, पाटात पाय सोडून, माझ्याकडे तोंड करून. मी ज्या जागेवरून नजर फिरवली त्याच जागेवर. दोडक्याच्या पानांतून ऊन पडत होतं ते तिच्या खांद्यावरून पाण्यात उतरत होतं, आणि कुठे पान संपतं, कुठे पोर सुरू होते ते कळायला मार्ग नव्हता. ती बोलली म्हणून तोंड दिसलं. तोंड दिसलं म्हणून हात दिसले. मग एकदम ती सगळी मळ्यातून बाहेर आली, आणि लगेच अर्धी परत गेली.  पाटाच्या चिखलात मी मटकन बसलो. मला वाटतं मी पहिल्यांदाच कुणाला नमस्कार न करता हात जोडून बसलो होतो.

मला तसं बसलेलं पाहून ती घाबरली असावी. मग तिनेच सांगितलं. खाली बघत, अळू खुडत.

"बाबा आले होते परवा."

कुठून आला, केव्हा आला, मी विचारत राहिलो. ती म्हणाली, तू दुपारचा आलास, एकटा, हातात छत्री. घराकडे गेला नाहीस. रस्त्याच्या बाजूने कुंपणापाशी थांबलास. तिने तुला चालीवरूनच ओळखलं.  नव्या सुनेने रस्त्यावर हाक कशी मारायची, म्हणून तूच आत येशील याची वाट पाहत बसली. तू तिच्याकडे पाहिलंस.

"नीट पायलं त्याईनं. लय वेळ पायलं. अन् छत्री उघडून पलटून गेले. त्याईले लुगडं नाई आवडलं, मोठेबाबा. नाईतं मी नाई आवडली."

दोन दिवस ही पोर हे मनात घेऊन भाजी खुडत होती. सासरी कुणाला बोलली नाही.

मी तिला उभं केलं, घरी नेऊन दुसरं लुगडं नेसायला लावलं. बांधावरून रस्त्यापर्यंत नेलं, कुंपणापाशी, तू उभा होतास तिथे. भगवंताच्या बहिणीला म्हटलं होतं, ते हिरवं लुगडं नेस आणि जाऊन अळूत बस. सत्यवतीला म्हटलं, आता बघ. ती बघत राहिली. उन्हावर हात धरून, मान वाकडी करून, टाचा उंचावून. मी तिच्याकडे बघत होतो. पुष्कळ वेळाने तिने माझा हात घट्ट धरला आणि हलक्या आवाजात विचारलं, "मोठेबाबा, कुठी बसली हाय ते?"

किसन, ती तिथेच होती. तू तिला शोधत होतास आणि तिच्याच डोळ्यांत पाहत होतास, आणि तुला अळू दिसत होता. तुला वाटलं असेल, बापाची चाहूल लागली म्हणून पोरगी घरात निघून गेली. ती गेली नव्हती. तुझ्याच तीन पाकिटांनी तिला तुझ्यापासून लपवली.

ती आता इथे आहे, वद्य सप्तमीपर्यंत. दुकानाची समोरची भिंत मी आज गडी लावून चुन्याने पांढरी करून घेतली. सकाळपासून ती तेच लुगडं नेसून त्या भिंतीपुढे बसली आहे आणि उठायला तयार नाही. दुर्गाने जेवण तिथेच नेऊन दिलं. चौकातून वळलास की दिसेल.

शेषराव